परसांतलीं उपविषें

घराभोंवतीं हातभर जागा असली कीं तींत चार फुलझाडें लावावीं, आणि तेवढीहि नसली तर गच्चींत किंवा खिडकींत दोनचार कुंड्या तरी मांडाव्या, ही हौस मराठी घरांत जुनी आहे. बागेसंबंधीं विचारले जाणारे प्रश्नहि बहुधा ठराविक असतात. मोगऱ्याला कळ्या कां धरत नाहींत, गुलाबाची छाटणी केव्हां करावी, थंडी पडली कीं तुळस कां वाळते, जास्वंदीवरचा पिठ्या ढेकूण कसा घालवावा, यांचीं उत्तरें शेजारींपाजारीं मिळतात, आणि उत्तर चुकलें तर फार तर एक रोप जातें. परंतु एक प्रश्न असा आहे कीं तो वेळ येऊन ठेपल्यावांचून कोणी विचारीतच नाहीं. रांगतें मूल कुंडीपाशीं बसलेलें असतें, त्याच्या ओठांवर हिरवा रस लागलेला असतो, आणि आई घाबरून विचारते, "हें झाड विषारी तर नाहीं ना?" दवाखान्यांत डॉक्टर उलट विचारतात, "झाड कसलें होतें?" या दुसऱ्या प्रश्नाला पुष्कळ घरांतून उत्तर नसतें. कुंडी दोन वर्षें दारांत असते. तिला पाणी घातलेलें असतें, खत घातलेलें असतें, नांव मात्र कोणी विचारलेलें नसतें.

पूर्वींच्या परसांतली स्थिति अशी नव्हती. तेथें विष नव्हतें असें मात्र नव्हे; विष भरपूर होतें. सोळाव्या शतकांतील भावमिश्र या वैद्यानें आपल्या 'भावप्रकाश' ग्रंथांत सात उपविषें सांगितलीं आहेत: रुईचा चीक, निवडुंगाचा चीक, कळलावी, कण्हेर, गुंज, अफू आणि धोत्रा. यांपैकीं अफूची लागवड सरकारी परवान्यावांचून करतां येत नाहीं, म्हणून ती सोडून द्यावी. बाकीचीं सहा एकत्र मांडलीं तर जुन्या मराठी घराचें आवारच डोळ्यांपुढें उभें राहतें. कुंपणाला निवडुंग, त्यावर पावसाळ्यांत चढलेली कळलावी, बांधावर रुई, उकिरड्याच्या कडेला धोत्रा, दाराशीं कण्हेर, आणि कोठें तरी झुडुपावर पसरलेला गुंजेचा वेल. एवढेंच नव्हे, तर वैद्यांनीं ज्यांची विषांत गणना केली त्यांनाच देवापुढें मानाची जागा मिळालेली आहे. रुईच्या पानांची माळ शनिवारीं मारुतीला घालतात. धोत्र्याचें फूल आणि कांटेरी फळ शंकराला वाहतात. तांबडी कण्हेर गणपतीला चालते. भाद्रपदांत गणेशचतुर्थीच्या आदल्या दिवशीं बाजारांत ज्या एकवीस पत्रींच्या जुड्या विकावयास येतात, त्यांत रुई, धोत्रा आणि कण्हेर हीं तिन्हीं असतात. म्हणजे वर्षांतून एक दिवस तरी हीं उपविषें अगदीं देवघरापर्यंत येतात, आणि तेहि घर मुलाबाळांनीं भरलेलें असतांना.

अपघात तेव्हांहि होत असत. पण झाडाचें नांव घरांतल्या पोराटोरांना ठाऊक असे, आणि पुष्कळदां त्या नांवांतच ताकीद भरलेली असे. कण्हेरीला संस्कृतांत करवीर म्हणतात, तसेंच हयमारक आणि अश्वमारक, म्हणजे घोड्याला मारणारी, असेंहि म्हणतात. धोत्र्याचें एक नांव उन्मत्त. खाणाऱ्याची काय अवस्था होते तें त्या एका शब्दांत आलें. कळलावी हें तर शुद्ध मराठी नांव आहे. तिचें फूल घरांत आणलें कीं घरांत भांडणें लागतात, अशी समजूत होती. समजूत खुळी खरी. परंतु ज्या वेलाच्या कंदांत कॉल्चिसीन नांवाचें जहाल द्रव्य आहे तो वेल तिच्यामुळें उंबऱ्याच्या आंत येत नसे, हा तिचा उपयोग नाकारतां येत नाहीं. आतां हेंच फूल हौशी लोक कुंडींत लावतात; तामिळनाडूचें तर तें राज्यपुष्प आहे, आणि ज्वालेसारखें वर वळलेलें तें लाल-पिंवळें फूल त्या मानाला शोभतेंहि. त्याला कोणी हरकत घेऊं नये. मात्र त्याचा कंद रताळें किंवा कोनफळ समजून उकडून खाल्ल्यानें माणसें दगावलीं आहेत, आणि पटकीसारखे जुलाब-वांती सुरू होईपर्यंत कांहीं तास खाणाऱ्याला कसलीहि शंका येत नाहीं, एवढें कुंडीच्या मालकाला ठाऊक असलें पाहिजे. भाजीच्या वाफ्याशेजारीं ही वेल लावूं नये तें याचसाठीं.

या सर्वांत घराशीं अधिक सलगी कण्हेरीची, आणि तिच्याविषयींच अधिक विचारणा होते. कण्हेर काढून टाकावी काय? उन्हांत तग धरते, पाणी थोडें लागतें, बारमास फुलते, गुरें तिला तोंड लावीत नाहींत. याच गुणांमुळें हमरस्त्यांच्या मधल्या पट्ट्यांतूनहि ती मैलोगणती लावलेली दिसते. गुरें तोंड लावीत नाहींत याचें कारण तिच्या सर्वांगांत आहे. पान, फूल, साल, मूळ, बी, चीक यांपैकीं एकहि भाग निर्विष नाहीं. पान वाळलें तरी विष जात नाहीं, आणि कण्हेरीच्या फांद्या ज्या फुलदाणींत ठेवल्या त्या फुलदाणीचें पाणीहि पिण्यास घातक असतें. हें विष हृदयावर चालतें. हृदयाच्या स्नायूंतील प्रत्येक पेशींत सोडियम बाहेर टाकणारी आणि पोटॅशियम आंत घेणारी एक योजना असते. तिच्यावर हृदयाचा ताल अवलंबून. कण्हेरीचें विष नेमकी तीच योजना अडवितें. प्रथम मळमळ, वांती, पोटांत दुखणें, आणि मग नाडी मंद व बेताल होऊं लागते. विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरानें १७८५ सालीं ज्या डिजिटॅलिस वनस्पतीचा हृद्रोगावरील उपयोग प्रसिद्ध केला, तिच्यांतील द्रव्याच्याच जातकुळीचें हें द्रव्य आहे. डिजिटॅलिसपासून काढलेलें औषध डॉक्टर मोजून-मापून देतात. कण्हेरीच्या पानांत किती विष आहे हें कोणी मोजलेलें नसतें, आणि एका झाडाचें माप दुसऱ्याला लागू पडत नाहीं.

केरळांत कण्हेरीला अरळी म्हणतात. तेथील देवळांतून तिचीं फुलें पूजेला आणि नैवेद्यालाहि वापरीत असत. २०२४ सालीं एका तरुण परिचारिकेचा, परदेशीं नोकरीला निघण्याच्या ऐन वेळीं, मृत्यु झाला. तिनें दारच्या अरळीचें पान किंवा फूल सहज चावलें असावें असा संशय व्यक्त झाला. त्यानंतर त्याच वर्षीं मे महिन्यांत त्रावणकोर देवस्वम् मंडळानें नैवेद्य आणि प्रसाद यांत अरळीचें फूल वापरूं नये असें ठरविलें. पूजेंतून तें काढलें नाहीं. हा निर्णय शहाणपणाचा म्हटला पाहिजे. देवाला वाहिलेलें फूल देवापाशींच राहतें. प्रसादांतलें फूल मात्र श्रद्धेनें तोंडांत घातलें जातें, आणि श्रद्धेनें तोंडांत घातलेली वस्तु कोणी थुंकून टाकीत नाहीं. महाराष्ट्रांतील घरांतूनहि हाच नियम पाळतां येण्यासारखा आहे. कण्हेर गणपतीच्या मस्तकावर असावी, पंचामृताच्या वाटींत किंवा प्रसादाच्या ताटांत असूं नये. पत्रीचें निर्माल्य विसर्जनापर्यंत उंच जागीं ठेवावें. तें शेळीच्या किंवा गाईच्या पुढें टाकण्याची चाल तर अजीबात सोडावी. हिरवी कण्हेर जनावर ओळखतें. वाळलेली पानें वैरणींत मिसळलीं कीं त्यालाहि ओळख पटत नाहीं.

तेव्हां प्रश्नाचें उत्तर असें कीं, कण्हेर काढून टाकण्याचें कारण नाहीं. तिची जागा ठरविण्याचें कारण आहे. कुंपणाच्या बाहेरच्या अंगाला ती शोभते. आडावर, पाण्याच्या टांकीवर, गुरांच्या गव्हाणीशेजारीं आणि मुलें जेथें भातुकली मांडतात तेथें ती नसावी. छाटणी करतांना हातमोजे घालावे, हात साबणानें धुवावे, छाटलेल्या फांद्या जाळूं नयेत, कारण धूरहि बाधक असतो. सहलीला गेलेल्या मंडळींनीं तिच्या सरळ काटक्या सोलून त्यांवर कणसें-बटाटे भाजूं नयेत.

तिची चुलतबहीण जी पिंवळी कण्हेर, तिला मराठींत बिट्टी म्हणतात. ती मूळची अमेरिकेच्या उष्ण प्रदेशांतली. तिचीं घंटेसारखीं पिंवळीं फुलें मुलांच्या बोटांत टोपीसारखीं बसतात, आणि तिची त्रिकोणी टणक बी खेळावयास घेण्याचा मोह कोणत्याहि मुलाला होतो. खेळ वाईट नाहीं; बी फोडून आंतला गर चाखणें वाईट. या गरांत कण्हेरीच्याच जातीचें विष दाट भरलेलें आहे. शाळेच्या आवारांत बिट्टी नसावी, आणि असेल तर खालीं पडलेलीं फळें रोज झाडून पुरून टाकावीं.

धोत्रा आणि रुई यांविषयीं थोडक्यांत सांगतां येईल. धोत्र्याचीं कोंवळीं पानें पालेभाजींत मिसळून जातात, हा खरा धोका. तोंडाला कोरड, चेहरा लालबुंद, अंगांत ताप, डोळ्यांच्या बाहुल्या विस्फारलेल्या, आणि माणूस असंबद्ध बोलतो, हवेंत कांहीं तरी पकडूं लागतो; एकाच पंगतींत जेवलेल्या दोघांतिघांना असें झालें तर भूतबाधेचा विचार करण्यापूर्वीं भाजीचा विचार करावा. धोत्रा खुडलेल्या हातानें डोळा चोळला तरी बाहुली मोठी होऊन दिसणें अंधुक होतें. उद्यानांतून हल्लीं जें उलट्या कर्ण्यांसारख्या मोठ्या लोंबत्या फुलांचें सुवासिक झाड लावतात, तें धोत्र्याच्याच कुळांतलें. फूल आकाशाकडे न पाहतां जमिनीकडे पाहतें, एवढाच फरक धरून चालावें. रुईच्या चिकाचें भय डोळ्याला. मारुतीची माळ ओंवतांना चीक डोळ्यांत उडाला तर तो फारसा झोंबत नाहीं, म्हणून लोक तिकडे दुर्लक्ष करतात, आणि दुसऱ्या दिवशीं डोळ्यापुढें धुकें येतें. दुखलें नाहीं म्हणजे इजा झाली नाहीं, हा हिशेब येथें चुकतो. डोळा वाहत्या स्वच्छ पाण्याखालीं पंधरा-वीस मिनिटें धरावा आणि त्याच दिवशीं नेत्रवैद्याला दाखवावा. शेर, निवडुंग आणि त्यांच्या जातीचीं चीक गळणारीं सगळींच कुंडींतलीं झाडें यांना हाच नियम.

गुंजेची गोष्ट थोडी निराळी आहे. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, या हिशेबानें शतकानुशतकें सोनें मोजलें गेलें; म्हणजे एका तोळ्याला शहाण्णव गुंजा. इतकी वर्षें ती सोनाराच्या हाताखालीं राहिली आणि कोणाला बाधली नाहीं, याचें कारण तिचें कठीण कवच. अखंड गुंज गिळली गेली तर ती बहुधा जशीच्या तशी बाहेर पडते. चावली, कुटली किंवा भोंक पाडलें कीं आंतलें ॲब्रिन मोकळें होतें, आणि तें फार जालीम आहे. म्हणून धोका वेलावरच्या गुंजेपेक्षां ओंवलेल्या गुंजेचा अधिक. इंग्लंडांत कॉर्नवॉल येथील 'ईडन प्रोजेक्ट' या प्रसिद्ध उद्यानानें आपल्या दुकानांतून विकलेल्या गुंजांच्या बांगड्या २०११ सालीं गिऱ्हाइकांकडून परत मागविल्या, त्या याचसाठीं. तान्ह्या मुलाच्या मनगटांत गुंजा बांधणाऱ्यांनीं ही गोष्ट ध्यानांत धरावी. तान्हें मूल हातांत बांधलेलें सर्व कांहीं तोंडांत घालतें.

इतकें झालें तें ज्यांचीं नांवें लोकांना ठाऊक आहेत अशा झाडांविषयीं. नांव बदललें म्हणजे काय होतें याचें उदाहरण महाराष्ट्राला फार लांब शोधावें लागत नाहीं. मोगली एरंड नांवाचें एक झुडूप कुंपणाला पूर्वींपासून लावतात. एरंड म्हटलें कीं जुलाब, हें घरांतल्या आजीपासून नातवापर्यंत सर्वांना माहीत. तेव्हां त्याची बी कोणी हौसेनें खाईल हा संभव थोडा. याच झुडुपाला चंद्रज्योत किंवा रतनज्योत असेंहि गोंडस नांव आहे. त्याच्या बियांच्या तेलापासून जैविक डिझेल करावें अशी शिफारस नियोजन आयोगाच्या समितीनें २००३ सालीं केली, आणि ओसाड जमिनी, रस्ते, कुंपणें यांवर हें झुडूप या नव्या नांवानें पसरलें. त्याची बी शेंगदाण्यासारखी लागते. एका मुलानें फोडून खाल्ली, गोड लागली, कीं तो बाकीच्यांना बोलावतो. शाळेच्या मधल्या सुट्टींत वीस-वीस मुलांना एकाच वेळीं वांत्या होऊन दवाखान्यांत न्यावें लागल्याच्या बातम्या वारंवार छापून येतात, त्यांच्या मुळाशीं बहुधा हीच गोड बी असते. मुलें सामान्यतः एकदोन दिवसांत बरीं होतात, परंतु शरीरांतलें पाणी कमी झाल्यानें लहान मुलाची स्थिति झपाट्यानें बिघडते. मुलांनीं चंद्राच्या ज्योतीला घाबरावें तरी कां? मास्तरांनीं एका तासांत हें झुडूप दाखवून त्याचें एरंड हें नांव मुलांच्या तोंडीं बसविलें तर पुष्कळ काम होईल.

शहरांतल्या कुंड्यांची तऱ्हा याहूनहि पुढची. तेथें नांव बदललेलें नसतें, तें मुळींच नसतें. रोपवाटिकेंतून झाड येतें तें 'सावलींत चालणारें', 'हवा शुद्ध करणारें', 'शो-प्लँट' एवढ्या ओळखीवर. पांढऱ्या-पिंवळ्या ठिपक्यांच्या रुंद पानांचें एक झाड शेंकडों घरांच्या जिन्यांत आणि दिवाणखान्यांत उभें असतें. त्याचें नांव डिफेनबेकिया. इंग्रजींत त्याला डंब केन म्हणतात, म्हणजे मुका करणारी छडी, आणि तें अगदीं यथार्थ आहे. त्याच्या पानांत-दांड्यांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. पान चावतांच ते जिभेंत व घशांत रुततात, आग होते, लाळ गळते, जीभ सुजून बोलतां येत नाहीं. हें ऐकून कोणी बिचकून जाऊं नये, कारण या विषाची मराठी स्वयंपाकघराला चांगली ओळख आहे. अळूनें घसा खवखवतो, सुरणानें हात खाजतात, तें याच स्फटिकांमुळें. अळू, सुरण, डिफेनबेकिया आणि खिडकीवर चढविलेला मनीप्लँट हीं सारीं एकाच कुळांतलीं. अळूच्या भाजींत चिंच किंवा आमसूल घालून ती नीट शिजवणारी गृहिणी या कुळाला कसें वागवावें हें कित्येक पिढ्या जाणून आहे. तिला एवढेंच सांगावयाचें राहिलें होतें कीं दिवाणखान्यांतलें तें ऐटदार झाड अळूचेंच नातलग आहे. तें कळलें कीं ती कुंडी आपोआप रांगत्या मुलाच्या हातापलीकडे जाते.

तीच गोष्ट अॅडेनियमची. जाड बुंध्याचें, गुलाबी फुलांचें, वामनवृक्षासारखें दिसणारें हें झाड 'वाळवंटांतला गुलाब' म्हणून विकतात. गुलाबाशीं त्याचा कांहीं संबंध नाहीं, तें कण्हेरीच्या कुळांतलें आहे, आणि आफ्रिकेंत त्याच्या चिकाचा उपयोग बाणांना विष लावण्याकडे होत असे. सदाफुलीहि त्याच कुळांतली. मधुमेहावर उपाय म्हणून सकाळीं तिचीं पानें-फुलें चघळणारे पुष्कळ आहेत. सदाफुलींतून कर्करोगावरचीं दोन प्रभावी औषधें निघालीं हें खरें, पण तीं रक्तपेशींवर आणि मज्जातंतूंवर काय परिणाम करतात हें पाहत पाहत डॉक्टर देतात. कुंडींतून खुडून घेण्याची ती वस्तु नव्हे. उलट कांहीं झाडांची भीति उगाच वाढलेली आहे. नाताळच्या सुमारास शेंड्याचीं पानें तांबडीं होणारा पॉइन्सेटिया प्राणघातक असल्याची वदंता दूरवर पसरली आहे. वास्तविक त्याच्या चिकानें थोडी आग किंवा मळमळ होते, त्यापलीकडे सहसा कांहीं होत नाहीं. ज्यांच्या घरीं मांजर आहे त्यांनीं मात्र खऱ्या लिलीचे गुच्छ घरांत आणूं नयेत. माणसाला ती विशेष बाधत नाहीं, पण तिच्या परागाच्या कणांनींहि मांजराचीं मूत्रपिंडें निकामी होतात. कुत्रा पाळणाऱ्यांनीं एरंडीच्या पेंडीकडे लक्ष द्यावें. खत म्हणून ती उत्तम. एरंडेल तेलांत विष उतरत नाहीं; तें बीच्या चोथ्यांत राहतें, आणि पेंड नीट तापविलेली नसली तर त्यांत तें शिल्लक असूं शकतें. हाडांच्या चुऱ्याबरोबर ती मिसळली तर वासानें कुत्रीं माती उकरून खातात. खत खोल पुरावें आणि पोतें बंद ठेवावें.

विनानांवाच्या वस्तूंत सर्वांत भयंकर वस्तु झाड नसतेच. ती बाटली असते. किडीवरचें औषध शेजाऱ्याकडून उसनें आणलेलें असतें, आणि तें सरबताच्या किंवा थंड पेयाच्या रिकाम्या बाटलींत ओतून जिन्याखालीं ठेवलेलें असतें. मूळ डब्यावर लाल, पिंवळा, निळा किंवा हिरवा त्रिकोण असतो. लाल म्हणजे सर्वांत जहाल. बाटली बदलली कीं त्रिकोण गेला, नांव गेलें, आणि विषबाधा झाल्यावर डॉक्टरला सांगावयास कांहीं उरलें नाहीं. फोरेटसारख्या कांहीं कीटकनाशकांवर केंद्र सरकारनें २०१८ च्या आदेशान्वयें २०२० च्या अखेरीपासून बंदी घातली आहे. तरी जुन्या डब्यांत तळाशीं राहिलेले दाणे कोठें कोठें सांपडतात. चार कुंड्यांच्या बागेला असल्या औषधांची गरजच नसते. पिठ्या ढेकूण पाण्याच्या जोरदार फवाऱ्यानें आणि साबणाच्या पाण्यानें जातो, मावा निंबोळीच्या अर्कानें आटोक्यांत येतो, आणि तेवढ्यानें न जाणारी फांदी सरळ कापून टाकावी.

कुंडीला नांव देणें हें काम सोपें आहे. पत्र्याची पट्टी कापून तीवर तेलरंगानें झाडाचें मराठी नांव आणि वनस्पतिशास्त्रांतलें नांव लिहावें. ज्याचा चीक, पान किंवा बी बाधक आहे त्याच्या पट्टीला तांबडी कड काढावी. नांव रोपवाटिकेच्या माळ्याला विकत घेतांनाच विचारावें, त्याला येत नसेल तर फुलासकट फांदी जवळच्या महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांना दाखवावी. हल्लीं मोबाइलवर छायाचित्र काढून झाड ओळखण्याची सोय झाली आहे. ती हौसेपुरती चांगली, पण तिनें "निर्विष" म्हटलें म्हणून पान तोंडांत घालण्याइतकी खात्रीची नाहीं. घरांत दोनतीन वर्षांचें मूल असेल तर तेवढीं वर्षें जास्वंद, मोगरा, गुलाब, अबोली यांवर भागवावें. त्यांत कांहीं उणें नाहीं.

आतां खाल्लेंच तर काय करावें. मुलाच्या तोंडांत राहिलेला अंश बोटानें काढून टाकावा, ओठ आणि हात धुवावे, चूळ भरतां येत असेल तर भरवावी. अळूच्या कुळांतलें पान असेल तर थंड पाणी घोटघोट द्यावें आणि श्वासाकडे लक्ष ठेवावें. वांती करविण्यासाठीं घशांत बोटें घालूं नयेत, मिठाचें पाणी तर कदापि पाजूं नये. वांती श्वासनलिकेंत जाऊन मूल गुदमरतें, आणि मीठ स्वतःच लहान मुलाला विष होऊं शकतें. तूप, दूध, कोळसा उगाळून पाजणें, या घरगुती उपायांत जो अर्धा तास जातो तोच फार मोलाचा असतो. मूल बेशुद्ध असेल तर त्याला कुशीवर निजवावें. काय खाल्लें, किती, आणि किती वाजतां, हें आठवून ठेवावें. झाडाची फांदी फुलाफळासकट पिशवींत घालून बरोबर न्यावी. रुग्णवाहिका १०८ या क्रमांकावर मिळते. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंत १९९५ सालापासून राष्ट्रीय विषमाहिती केंद्र आहे, आणि त्याच्या १८०० ११६ ११७ या क्रमांकावर अहोरात्र सल्ला मिळतो. डॉक्टरहि तेथें विचारणा करतात.

कण्हेर, बिट्टी, गुंज किंवा कळलावी यांपैकीं कांहीं पोटांत गेल्याचा नुसता संशय असला तरी लक्षणांची वाट पाहूं नये. कण्हेरीच्या विषबाधेंत डॉक्टर हृदयाचा आलेख पुनःपुन्हां काढतात, रक्तांतलें पोटॅशियम तपासतात. डिजिटॅलिसच्या विषावर बनविलेलें प्रतिद्रव्य बिट्टीच्या विषावरहि चालतें असें श्रीलंकेंतील डॉक्टरांच्या चाचणींत दिसून आलें, आणि तिचा वृत्तांत २००० सालीं 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकांत आला. पण तें औषध महाग आहे आणि सर्व रुग्णालयांत नसतें, म्हणून मुख्य भिस्त वेळेवर दाखल होण्यावर आणि सतत देखरेखीवर राहते. संध्याकाळीं दाखल केलेलें मूल रात्रीं शांत झोंपतें आणि सकाळीं खेळूं लागतें, तेव्हां त्याला घरीं नेण्याची आईबापांना घाई होते. हृदयाचा ताल त्यानंतरहि बिघडूं शकतो. डॉक्टर आणखी एक दिवस ठेवा म्हणाले तर ठेवावें.